चेंबर जुळला म्हणून गिअरबॉक्स जुळत नाही

गेले काही महिने बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरत आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचा जुना गिअरबॉक्स आणा, गिअरची संख्या, खालच्या चेंबरचा (तेल साठणाऱ्या तबकाचा) आकार आणि इंजिनाकडचे बोल्ट जुळले की तो बसतो, वायरिंगचा प्लग बसला की झाले, आरसीवर गिअरबॉक्सची नोंद नसल्यामुळे कायद्याची अडचण नाही, कोणतेही लाल तेल भरा, मॅप (इंजिनाच्या संगणकातली मांडणी) बदलून घ्या आणि पहिल्यापेक्षा दमदार गाडी मिळवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गिअरबॉक्सच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या संदेशावर विसंबून आणलेले गिअरबॉक्स मी उघडून पाहिले आहेत, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. जुना गिअरबॉक्स घेण्याला माझा विरोध नाही; नीट ओळखून घेतला तर तो चांगला सौदा असतो. ओळखण्याची रीत मात्र संदेशात साफ चुकीची दिली आहे.

पहिली चूक ‘त्याच कंपनीचा’ या शब्दांत आहे. आपण ज्याला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो ती निदान चार वेगवेगळी यंत्रे आहेत. मारुतीचेच पाहा: स्विफ्टमधला एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा बसवलेली, सियाझमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या भागाचा) चार गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, आणि 2015 च्या बलेनोत ठरावीक गिअर नसलेला, पोलादी पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी. फोक्सवॅगन व्हेंटोच्या 1.6 पेट्रोलला टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा डबा होता, तर 1.2 टर्बो पेट्रोल आणि 1.5 डिझेलला कोरड्या दुहेरी क्लचचा सात गिअरचा. होंडा सिटीत 2008 च्या मॉडेलला पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि 2014 च्या पेट्रोल मॉडेलला सीव्हीटी. इंजिन दोन्हीकडे 1.5 लिटरचेच.

यंत्राचा प्रकार एकच असला, तरी चेंबर आणि बोल्ट यांच्यावरून फक्त डब्याचे कुटुंब कळते, डबा कळत नाही. एकाच कुटुंबातला गिअरबॉक्स पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांमागे लागतो, पण आतला फायनल ड्राइव्हचा (चाकांकडच्या शेवटच्या गिअरजोडीचा) रेशो आणि टॉर्क कन्व्हर्टर वेगळे असतात. डिझेलचा डबा पेट्रोलमागे लावला तर गाडी चढावर रडते. उलट केले तर महामार्गावर इंजिन विनाकारण जास्त फेऱ्यांवर ओरडत राहते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत बेल हाउसिंग (इंजिनाला टेकणारे घंटेच्या आकाराचे तोंड) हा डब्याच्या ओतीव कवचाचाच भाग असल्यामुळे एका इंजिनासाठी ओतलेले कवच दुसऱ्याला बसेलच असे नाही.

मग ओळखावे कसे? कवचावर धातूची पट्टी, स्टिकर किंवा ठोकलेला क्रमांक असतो. तेल-धूळ पुसून तो स्वतः वाचावा आणि फोटो काढून ठेवावा. झेडएफ या जर्मन कंपनीच्या डब्यावर अशी पट्टी असते, मर्सिडीजच्या 722.6 डब्याचा क्रमांक चेंबरच्या वरच्या कडेला कवचातच ठोकलेला असतो, आणि टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत दरवाजाच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर गिअरबॉक्सचा संकेत छापलेला सापडतो. याहून खात्रीची गोष्ट म्हणजे ज्या गाडीतून डबा निघाला तिचा चॅसिस क्रमांक. तो सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये घातला की मूळ डब्याचा नेमका भाग क्रमांक मिळतो आणि तो आपल्या गाडीच्या क्रमांकाशी ताडता येतो. हा क्रमांक द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून मी डबा घेत नाही.

आरसीचा मुद्दा इथेच घेतो, कारण तोही चॅसिस क्रमांकाशीच येऊन थांबतो. बिघडलेल्या डब्याच्या जागी त्याच क्रमांकाचा डबा बसवणे ही दुरुस्ती आहे आणि तेवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. मॅन्युअल गाडी ऑटोमॅटिक करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अनेक गाड्यांच्या आरसीवर मॉडेलच्या नावातच प्रकार लिहिलेला असतो, आणि त्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मान्य नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्याकडे केए-22 किंवा केए-23 च्या गाडीला कोल्हापुराकडून आलेला एमएच-09 च्या गाडीचा डबा लागणे नित्याचे आहे. बिलावर मूळ गाडीचा चॅसिस क्रमांक असला तर तो डबा चोरीच्या गाडीचा नाही हे दाखवण्याचा आधार राहतो.

‘वायरिंगचा प्लग बसला की झाले’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. गिअर बदलताना गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट इंजिनाला क्षणभर ताकद कमी करायला सांगते. दोन्ही युनिटांची भाषा जुळली नाही तर ताकद कमी होत नाही आणि आतले क्लच प्रत्येक बदलाला घासून जळतात. झेडएफच्या सहा गिअरच्या डब्यात हे युनिट चेंबरच्या आत, व्हॉल्व्ह बॉडीवरच (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागावर) असते. म्हणजे डबा बदलला की मेंदूही बदलतो आणि त्याचे कोडिंग पुन्हा करावे लागते. काही नव्या डब्यांवर सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपेच्या) मोजमापाचा संकेत छापलेला असतो. तोही युनिटमध्ये भरल्यावरच गिअर मऊ पडतात.

तेलाच्या बाबतीत ‘लाल ते लाल’ म्हणणे म्हणजे खोबरेल आणि एरंडेल एक मानणे होय. टोयोटाच्या टी-4 आणि डब्ल्यूएस या तेलांची जाडी वेगळी आहे, आणि सीव्हीटीत साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) भरले तर पट्टा घसरतो. घेण्यापूर्वी चेंबर उघडून पाहण्याची अट घालावी. चुंबकावर राखाडी बारीक गाळ असणे स्वाभाविक आहे. चमकणारे पोलादी तुकडे किंवा पितळी कण दिसले तर डबा सोडून द्यावा. माझ्या मामेभावाने एका व्यापाऱ्याकडून ‘कमी धावलेला’ म्हणून घेतलेल्या डब्यातून दुधी गुलाबी तेल निघाले, म्हणजे रेडिएटरमधला गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फुटून आत कूलंट शिरले होते. पाण्याने क्लचच्या अस्तराचा डिंक सुटतो. तो डबा आम्हाला पूर्ण उघडावा लागला आणि मामेभावाची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली.

बसवताना टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत बसला आहे याची खात्री हाताने करावी. कवच इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या टोकाची पातळ चकती) यांच्यात काही मिलिमीटरची फट उरली पाहिजे. फट नसताना बोल्टांनी ओढले तर गाडी सुरू होण्याआधीच पंप फुटतो. जुन्या डब्याचा गाळ कूलरमध्ये राहिलेला असतो, म्हणून कूलर धुऊन घ्यावा, किंवा बदलावाच.

राहिली बळकटी. मॅप बदलल्याने इंजिनाचा जोर वाढतो, गिअरबॉक्सची सोसण्याची ताकद वाढत नाही. व्हेंटोचा कोरड्या क्लचचा डबा 250 न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे, आणि 1.5 डिझेल त्या मर्यादेपाशीच उभे असते. तेलाचा दाब वाढवणारा शिफ्ट किट उपयोगी असतो, पण क्लच आणि सील चांगले असतील तरच. झिजलेल्या डब्यात तो फक्त धक्के वाढवतो. आपल्या भागात पहिला पैसा कूलरवर घालावा. हंगामात चिकोडी-निपाणीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे सरकताना, किंवा गोव्याहून परतताना चोर्ल्याचा घाट चढताना, कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि आतल्या आत घसरत तेल तापवत राहतो. तेल 80 ते 90 अंशांवर राहिले तर टिकते. त्यापुढे दर दहा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. कूलरनंतर व्हॉल्व्ह बॉडी, मग क्लच, आणि मॅप सर्वांत शेवटी. डबा बसवल्यावर स्कॅनर लावून चोर्ला एकदा खालून वर चढावा. कणकुंबीला पोहोचेपर्यंत तेल 110 अंशांच्या वर गेले, तर दुसरे कोणतेही काम काढण्याआधी मोठा कूलर बसवावा.