सीएसआर म्हणजे वर्गणी नव्हे, तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

सध्या कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रत्येक कंपनीला नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना, द्यावेच लागतात, ते टॅक्समधनं वजा होतात, म्हणून मंडळांनी आणि तालमींनी शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जाऊन हक्कानं मागावेत, आणि पंचगंगा नदी पण त्यातनंच साफ करून घ्यावी. यातलं बरंचसं चुकीचं आहे.

"प्रत्येक कंपनीला." नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या वर्षी नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी गाठलं तरच. भागीदारीतली फौंड्री किंवा मशीन शॉप ही मुळात कंपनीच नाही, आणि सहकारी साखर कारखाने, दूध संघ सहकार कायद्यात येतात, त्यांना हे कलम लागत नाही. २ टक्के पण मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे, म्हणजे सरासरी ६ कोटी असेल तर १२ लाख, त्यात किती मंडळं बसवणार सांगा.

"टॅक्समधनं वजा होतात." २०१४ च्या फायनान्स अ‍ॅक्टपासून सीएसआर धंद्याचा खर्च म्हणून दाखवताच येत नाही. ८०जी ची सूट, म्हणजे देणगीवरची करसवलत, हा वेगळा विषय, आणि कंपनी कराचा सवलतीचा २२ टक्क्यांचा दर घेतलेल्या कंपन्यांना तीही नाही.

"मंडळांनी हक्कानं मागा." पैसा कशावर चालतो ते कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये दिलंय, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, पर्यावरण, आपत्ती निवारण वगैरे. मिरवणूक त्यात नाही. फुटबॉल स्पर्धेला बॅनर लावून दिलेली स्पॉन्सरशिप पण धरत नाहीत, ती जाहिरात झाली. पण तालमीत पोरापोरींना वर्षभर कुस्तीचं ट्रेनिंग द्यायचं असेल तर ते बसतं, कुस्ती ऑलिंपिक खेळ आहे! फक्त संस्था रजिस्टर्ड पाहिजे, आयकर खात्याची १२ए, ८०जी नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ नंबर पाहिजे. हे कागद करायला कुणी सांगत नाही, नुसतं मागा म्हणतात, याचा मला खरंच राग येतो.

आणि सगळ्यात वाईट ते पंचगंगेचं. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करून सोडणं ही १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानं त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि कायद्यानं जे करावंच लागतं त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही हे केंद्रानं २०१४ लाच स्पष्ट केलंय. आपणच जाऊन "सीएसआरमधनं ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) बांधा" म्हटलं तर घाण करणाऱ्याला आपण दानशूर ठरवतो की राव. ईटीपी त्यानं स्वतःच्या खर्चानं चालवायचा, नाही चालवला तर प्रदूषण मंडळाकडं लेखी तक्रार करायची. सीएसआर मागायचाच असेल तर शिरोळकडच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गावांच्या शाळांसाठी, पिण्याच्या पाण्यासाठी मागा, कंपनी ज्या भागात आहे त्या भागाला आधी प्राधान्य द्या असं त्याच कलम १३५ मध्ये लिहिलंय.