स्टिकरवरचा आकडा पाहून ऑल्टरनेटर घेऊ नका

गाडीत दणदणीत साऊंड बसवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) खोक्यावरच्या वॅटना १२ ने भागा आणि तेवढ्या अँपिअरचा ऑल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) घ्या. त्याहून मोठा घेतलात तर गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जळेल. खर्च नको असेल तर एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग) लावा. या तिन्ही गोष्टींत गफलत आहे.

आधी भागाकार. खोक्यावर बहुधा 'मॅक्स' वॅट छापलेले असतात, त्यांचा हिशेबाशी संबंध नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट धरा. क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या अ‍ॅम्पची कार्यक्षमता साधारण ८० टक्के, म्हणजे १००० वॅटसाठी तो १२५० वॅट ओढतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं, म्हणून हे झाले ९० अँपिअर. अ‍ॅम्प क्लास एबी, म्हणजे जास्त वीज वाया घालवणारा असेल तर हेच १३० पर्यंत जातं. गाणी वाजताना सरासरी ओढ याच्या निम्म्याहूनही कमी असते. टेस्ट टोन (एकच अखंड सूर) वाजवत बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पण खरी गोम वेगळीच आहे. ऑल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर हे सहसा तो स्वतः मिनिटाला ६००० फेरे फिरत असतानाचे असतात. सिग्नलला इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं चालू राहून ७५० वर असतं, पुलीमुळे ऑल्टरनेटर जेमतेम २००० वर येतो, आणि तिथे बरेच ऑल्टरनेटर लिहिलेल्याच्या निम्मेच देतात. तापल्यावर आणखी कमी. त्यामुळे २०० लिहिलेला पण आयडलला ८० देणारा, आणि १६० लिहिलेला पण आयडलला १०० देणारा, यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन. विकणाऱ्याकडे गरम अवस्थेतला आउटपुट कर्व्ह (किती फेऱ्यांना किती अँपिअर याचा आलेख) मागा. तो दाखवत नसेल तर स्टिकरला अर्थ नाही. छोटी पुली लावून आयडल सुधारतं खरं, पण मग इंजिन रेडलाइनला, म्हणजे कमाल फेऱ्यांना नेलं की ऑल्टरनेटर मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेल्टची पकडही कमी होते.

जळण्याची भीती तर उगाचच. रेग्युलेटर व्होल्टेज सांभाळतो, करंट लोड हवा तेवढाच ओढतो. ३०० अँपिअरचा ऑल्टरनेटर तुमच्या ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) ३०० अँपिअर कोंबत नाही. रेग्युलेटर बिघडला तर मात्र छोटा ऑल्टरनेटरही नुकसान करेल. तापते ती कंपनीची बारीक चार्जिंग वायर. म्हणून 'बिग थ्री' आधी, म्हणजे या तीन वायर जाड करा: ऑल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते चासी (गाडीचा धातूचा सांगाडा), इंजिन ते चासी. नव्या जाड वायरला योग्य फ्यूजही हवाच. बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर अ‍ॅम्पची अर्थ थेट टर्मिनलला न देता चासीला द्या. अशा गाडीत चार्जिंग ईसीयूच्या हुकमाने चालतं, त्यामुळे नवा ऑल्टरनेटर तो हुकूम समजणारा आहे ना, हेही विचारा.

कपॅसिटरचं गणित छोटं आहे. एक फॅरड १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत सुमारे ३२ ज्यूल देतो. वरचा १२५० वॅटचा अ‍ॅम्प ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपवतो. मग तो भरायलाही करंट ऑल्टरनेटरकडूनच यायचा!

खरेदीआधी मल्टिमीटर काढा. आयडलला एसी, हेडलाइट आणि बास चालू ठेवून आधी अ‍ॅम्पच्या, मग बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हीकडे १३.५ टिकत असेल तर काहीच घेऊ नका. बॅटरीपाशी ठीक आणि अ‍ॅम्पपाशी कमी असेल, तर पैसे वायर आणि अर्थिंगवर घाला.