कंपनी कुठली ते नंतर बघू, आधी गाणं कुणाचं ते लिहा

गणपती जवळ आले की माझा इनबॉक्स एकाच प्रश्नाने भरतो, दादा, गाणं कुठल्या कंपनीतून टाकू? भांडुपला छोटा स्टुडिओ आहे माझा, त्यामुळे लोकांना वाटतं याला आतलं काहीतरी माहीत असणार. आतलं असं काही नाही हो. या कंपन्या म्हणजे डिस्ट्रिब्युटर, आपलं गाणं ऐकायच्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या. डिस्ट्रोकिड घ्या, ट्यूनकोर घ्या, सीडी बेबी घ्या, नाहीतर आपल्याकडची एखादी घ्या, गाणं शेवटी त्याच स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन आणि यूट्यूब म्युझिकवर जाऊन पडतं. कोणी वर्षाची फी घेतं, कोणी फुकट टाकतं आणि कमाईत वाटा कापतं, कोणी दोन्हीचं काहीतरी मिश्रण करतं. वर्षाच्या फीवाल्यांकडे एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या, की फी भरायची थांबलो तर गाणं राहतं की उतरतं, कारण बऱ्याच ठिकाणी उतरतं. बाकी टक्केवारीवरून आमची पोरं चहाच्या टपरीवर तासन्तास वाद घालतात आणि ज्या गाण्यावरून वाद चाललाय त्याचा गीतकार कोण हे फॉर्ममध्ये कोणी धड भरलेलंच नसतं. माझ्या मते पैसा तिथून गळतो, कंपनीच्या टक्क्यातून नाही.

मी या कंपन्यांच्या विरोधात नाहीये हे आधीच सांगतो, उगाच कमेंटमध्ये सुरू होऊ नका. कॅसेटच्या जमान्यात आपल्याकडच्या लोकगीतवाल्यांचं काय व्हायचं ते बुजुर्गांना विचारा, हातात एकदाच पाकीट, सही करा, विषय संपला, मग कॅसेट लाखभर खपो नाहीतर गोडाऊनला सडो. गाणं बाजारात येणार की नाही हे ठरवणारा माणूस कॅसेट कंपनीच्या केबिनमध्ये बसलेला असायचा. तिकडे अमेरिकेत 1998 मध्ये डेरेक सिव्हर्स नावाच्या एका गाणाऱ्याला स्वतःची सीडी ऑनलाइन विकायला कोणी दारात उभं करेना म्हणून त्याने स्वतःच सोय केली, मित्रांच्या सीड्याही त्यावर ठेवल्या, त्यातून सीडी बेबी उभी राहिली. 2003 ला अ‍ॅपलचं आयट्यून्स हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं, मग ट्यूनकोर आली, 2013 ला डिस्ट्रोकिडने वर्षाची एक फी भरा आणि हवी तेवढी गाणी टाका असं सुरू केलं. भारतात स्पॉटिफाय आलं फेब्रुवारी 2019 मध्ये. आज कन्नमवार नगरातला पोरगा रात्री अकराला गाणं अपलोड करतो आणि त्याला कुठल्या केबिनबाहेर बसावं लागत नाही, ही लहान गोष्ट नाही.

पण केबिन गेली आणि तिच्या जागी फॉर्म आला. आणि फॉर्म भरायचं काम आपण कुणाला देतो? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला.

परवाचंच बघा. एक ग्रुप आला, गाणं झकास, बँजो लाइव्ह वाजवलेला, ढोलकीवर खरा माणूस, प्रोग्रॅम केलेली नाही. कव्हर उघडलं तर अख्खा चौकातला फ्लेक्स! मध्ये बाप्पा, खाली ओळीने सगळे भाऊ, कोपऱ्यात शुभेच्छुक, आणि तळाला ऑर्डरसाठी संपर्क म्हणून दोन मोबाइल नंबर. अरे बाबांनो, कव्हर चौकोनी लागतं, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल, आणि त्यावर फोन नंबर, इन्स्टाची आयडी, किंमत यातलं काहीही चालत नाही, परत पाठवतात. ग्रुपवाले म्हणतात पण दादा भाऊंनीच तर रेकॉर्डिंगचे पैसे दिलेत. बरं, भाऊंचा फोटो यूट्यूबच्या व्हिडिओत घाला, तिथे कोण अडवतंय. मग रिलीजची तारीख विचारली तर म्हणे परवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवा असं तेच सांगतात, आणि त्याआधी ते तिथे पोचायला हवं, म्हणजे तीन-चार आठवडे हातात ठेवा. आपल्याकडे मूर्ती मंडपात आली की मिक्सिंग सुरू होतं.

हे सगळं तरी दुरुस्त होतं. गीतकार आणि संगीतकाराचा रकाना मात्र जो एकदा चुकतो तो चुकतोच, म्हणजे नंतर बदलता येतो पण बदलतो कोण. तिथे आधारकार्डावरचं नाव लागतं, नाव आणि आडनाव दोन्ही, शाहीर अमुक किंवा एमसी तमुक असं स्टेजचं नाव नाही. पोरं काय करतात, गायकाचंच नाव तिन्ही ठिकाणी ठोकतात, किंवा चॅनलच्या मालकाचं. वरळी कोळीवाड्यात एक काका आहेत, हळदीची गाणी लिहितात, त्यांचं एक गाणं मी स्वतः विरारपासून पनवेलपर्यंत डीजेवर ऐकलंय. प्लॅटफॉर्मवर क्रेडिट उघडून दाखवलं तर लेखक म्हणून भलत्याचंच नाव. काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “बाला, गानं माजं, मंग यो कोन?” मला उत्तर देता येईना, कारण तो कोण तर त्या चॅनलच्या मालकाचा मेहुणा.

आता ज्यांना वाटतं नावाने काय होतं, त्यांच्यासाठी. डिस्ट्रिब्युटर जो पैसा आणून देतो तो रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) ज्याच्या मालकीचं त्याचा. शब्द आणि चाल यांचा पैसा वेगळा चालतो, तो आपल्याकडे आयपीआरएसकडून, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून येतो, ही संस्था 1969 पासून आहे आणि मुंबईतच आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेताच येत नाही अशी तरतूद झाली, आणि ती फक्त सिनेमाच्या गाण्यांना नाही, सिनेमाबाहेरच्या रेकॉर्डिंगलाही आहे. म्हणजे काकांनी उद्या कागदावर सही केली असली तरी तो वाटा त्यांचाच. पण त्यासाठी काका आयपीआरएसचे मेंबर हवेत, गाणं त्यांच्या नावावर नोंदलेलं हवं. बॉलिवूडवाले कधीच नोंदवून बसलेत, आपले हळदीवाले, भीमगीतवाले, भारुडवाले अजून गाणं झालं की वडापाव खाऊन घरी.

आणि करार वाचा रे. डिस्ट्रिब्युटर हा कुरिअरवाला आहे, पार्सल पोचवायचे पैसे घ्यावे, घराचे कागद मागू नयेत. डिस्ट्रिब्युशन करतो म्हणून सांगायचं आणि आत कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी, जगभर, मास्टरसकट लिहून घ्यायचं, असले दोन पानी करार मी डोळ्यांनी बघितलेत, नावं घेत नाही. त्यापेक्षा परदेशी कंपनीचा रुक्ष इंग्रजी करार परवडला, निदान त्यात मास्टर तुमचाच राहतो आणि कंटाळलात की गाणं काढून दुसरीकडे नेता येतं. नेताना प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, तोच ठेवा म्हणजे जुने आकडे गाण्याला चिकटून राहतात, नाहीतर पुन्हा शून्यापासून.

कंटेंट आयडीचा, म्हणजे कुणाचं गाणं कुठल्या व्हिडिओत वाजतंय ते आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या सोयीचा गोंधळ तर वेगळाच. कीबोर्डमधला रेडीमेड लूप, म्हणजे तयार वाजणारा तुकडा घ्यायचा, वर आरती म्हणायची आणि मालकी हक्काचा टिक मारायचा, मग तोच लूप वापरलेल्या दुसऱ्या बिचाऱ्याच्या व्हिडिओवर क्लेम, म्हणजे हे आमचं आहे असा दावा. समर्थ रामदासांनी लिहिलेल्या आरतीवर लोकांना क्लेम येतात, हसावं की रडावं कळत नाही. इथे कंपन्यांनाही मी सोडणार नाही, जे येईल ते पुढे ढकलायची सवय त्यांनाच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये युनिव्हर्सल म्युझिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ट्यूनकोर आणि तिची मालक कंपनी बिलीव्ह यांच्यावर 50 कोटी डॉलरचा दावा ठोकला, आरोप हाच, की दुसऱ्यांच्या गाण्यांचा वेग वाढवून, नाव थोडं बदलून केलेली गाणी यांनी सर्रास पुढे पाठवली. आमच्या डीजे रिमिक्सवाल्या मित्रांनी ही बातमी जरा दोनदा वाचावी.

पैसे किती मिळतात विचाराल तर थोडेच. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम, म्हणजे गाणं हजार वेळा ऐकलेलं, नसतील तर त्या गाण्याचा रेकॉर्डिंगचा पैसा मिळतच नाही. मला हा नियम अजिबात पटलेला नाही, आपल्या बोलीतल्या गाण्याला हजार माणसं गोळा करायला वेळ लागतो. पण म्हणून टेलिग्रामवरून स्ट्रीमचं पॅकेज विकत घेऊ नका, पकडलं गेलं की गाणं उतरतं आणि वर दंडही डिस्ट्रिब्युटरमार्फत तुमच्याच गळ्यात येतो.

काकांचं आयपीआरएसचं काम सुरू केलंय, कागद गोळा करतोय, फॉर्मवर नाव आधारकार्डावरचंच टाकलंय. बाकी कुणाला करार वाचून हवा असेल तर इनबॉक्सला पाठवा, बघेन, वकील नाही मी पण मास्टर कुठे चाललाय तेवढं कळतं. फक्त पीडीएफ पाठवा रे, मोबाइलवर फोटो काढून नको, नेमकं सहीच्या वरचं कलम कापलेलं असतं.