मूठ मध्यावर का नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं असं, की मूठ धनुष्याच्या मध्यावर नाही, खालची भुजा, म्हणजे मुठीखालचा वाकणारा भाग, वरच्यापेक्षा दोन इंच आखूड आहे, दोरी चढवली की वरची भुजा जास्त वाकलेली दिसते, महिनाभरात दोरी उतरवल्यावरही दीड इंच बाक राहायला लागलाय, आणि बाण सुटताना त्याचं शेपूट वरखाली हलतं. "मापच चुकलंय, आणि त्यासाठी पाच आठवडे घेतले," असं तुम्ही लिहिलंय. मापं तुम्ही नीट घेतली आहेत. शेपटाची तक्रारही खरी आहे आणि तिथे चूक माझी आहे, पण ती समजायला आधी मुठीचं सांगावं लागेल.

धनुष्य 66 इंचांचं, म्हणजे मध्य 33 वर. चार इंचांची मूठ मी मध्याच्या वर एक इंच आणि खाली तीन इंच अशी बसवली. त्यामुळे मुठीच्या वर 32 इंच उरतात, खाली 30. हे मुद्दाम केलंय. एका दांडक्याच्या धनुष्यात हात आणि बाण एकाच जागी राहू शकत नाहीत. बाण हाताच्या वरून जातो. मूठ बरोबर मध्यावर ठेवली तर बाण मध्यापासून दोन इंच वर जातो आणि ओढ फार वर सरकते. म्हणून मूठ थोडी खाली घ्यायची, म्हणजे बाण मध्याच्या जवळ येतो. युमी हे जपानी धनुष्य तर दोन मीटरहून लांब असतं आणि त्याची मूठ खालून साधारण एक तृतीयांशावर असते. तरी ते बाण सरळ टाकतं, कारण दोन्ही भुजा त्या मुठीच्या हिशोबाने घडवलेल्या असतात. मूठ कुठे आहे याला एकट्याला अर्थ नाही. त्या मुठीला धरून भुजा कशा वाकतात, हे बघायचं.

हाताचा दाब बाणाच्या खाली पडतो आणि खालची भुजा आखूड आहे, म्हणून तिला थोडी ताठ ठेवतात. मुठीच्या दोन्ही टोकांपासून दोरीपर्यंतचं अंतर तुम्ही मोजलंत, ते वर 5 मिलिमीटर जास्त आलं. ते मीच तेवढं ठेवलं होतं. 3 ते 6 मिलिमीटरचा फरक अशा धनुष्यात नेहमीचा.

तुमचं धनुष्य टिलरिंगच्या, म्हणजे भुजा हव्या तशा वाकेपर्यंत लाकूड काढण्याच्या, खुंटीवर होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. खुंटीवर मूठ टेकवायची, तुम्ही जिथे बोटं लावाल तिथे दोरीत आकडा अडकवायचा आणि खालून ओढायचं. आकडा सरळ खाली आला पाहिजे. तुमचा आकडा 15 इंचांच्या पुढे गेला की वरच्या भुजेकडे सरकायचा. आकडा नेहमी ताठ भुजेकडे पळतो. मग वरच्या भुजेच्या मधल्या वीतभर भागावर पेन्सिलीने रेघा मारायच्या, पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या बाजूने, खरवडणीने त्या रेघा जाईपर्यंतच लाकूड काढायचं, आणि धनुष्य वीस-तीस वेळा हळूहळू ओढून पुन्हा बघायचं. हे ओढणं टाळलं तर लाकडाला झालेला बदल कळतच नाही आणि माणूस जास्त खरवडून बसतो. पाच आठवड्यांतले बरेच दिवस लाकूड सुकून स्थिर होण्यात गेले. बाकीचे या खुंटीपाशी.

दीड इंचाच्या बाकाबद्दल: ताणलं की पोटाचं लाकूड दाबलं जातं, आणि त्यातलं थोडं दबलेलंच राहतं. अख्ख्या लाकडाच्या धनुष्याला एवढा बाक येणं मी दोष मानत नाही. दोष असतो तो बाक एकाच जागी, बिजागरीसारखा पडला तर. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो दोन्ही भुजांवर सारखा पसरलेला दिसतो. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर मात्र लगेच ओढणं थांबवा आणि मला कळवा.

आता माझी चूक. तुमच्या दुसऱ्या फोटोत तिन्ही बोटं बाणाच्या खाली आहेत. मी गृहीत धरलं होतं की एक बोट वर, दोन खाली, जसं बहुतेक जण ओढतात. तिन्ही बोटं खाली गेली की ओढ धनुष्याच्या मध्याकडे येते, आणि मग भुजांमध्ये 5 मिलिमीटरचा फरक ठेवायचं कारण उरत नाही. दोन्ही जवळजवळ सारख्या हव्यात, तशा नाहीत म्हणून शेपूट हलतं. खुंटीवर आकडाही मी चुकीच्याच जागी लावला होता. ताण किती, ओढ किती, कोणता हात, हे सगळं विचारलं आणि बोटं कशी लावता तेच विचारलं नाही. धनुष्य माणसाच्या हाताप्रमाणे करून देतो असं मी सांगतो, मग हा प्रश्न पहिला असायला हवा होता. माफ करा. ऑर्डर घेतानाच्या कागदावर तो आता सगळ्यात वर लिहिलाय.

दुरुस्ती होईल, आणि ती माझ्याकडून. खालच्या भुजेच्या पोटाकडून थोडं लाकूड काढून ती वरचीला जुळवेन. ताण एखाद-दोन पौंडांनी उतरेल. तुम्ही 28 इंच ओढल्यावर 40 पौंड मागितले होते आणि माझ्या वहीत 42 नोंदलेत, तेव्हा तुम्हाला हवे तेवढे राहतील. पाठीला, म्हणजे दोरीच्या उलट बाजूला, मी हात लावणार नाही. तिथले उंचवटे तुम्हाला खटकले, पण ते वाढीच्या एकाच वलयाच्या मागे गेल्यामुळे आहेत. ते घासून सपाट केले तर वलय कापलं जाईल आणि धनुष्य तिथूनच चिरेल.

तोवर दोरीवरची बाण लावायची खूण 2-3 मिलिमीटर वर सरकवून बघा, हलणं थोडं कमी होईल. धनुष्य आणताना दोरी उतरवलेली असू द्या. शक्य असेल तर पाठवू नका, स्वतः या, आणि नेहमीचे बाण व बोटांचं चामडंही आणा. तुम्ही ओढा, मी बाजूला उभा राहून बघतो, आणि खरवडायचं कुठे ते तुमच्यासमोरच पेन्सिलीने आखतो.