मतदार टाळावा कसा?

निवडून यायचं मनावर घेतलंच असेल, तर आधी जन्माचं ठिकाण आणि साल नीट बघून घ्या. इंग्लंड बरं. साल १७४० च्या आसपास. आईबाप जमीनदार असावेत. ते जमत नसेल तर एखादा निपुत्रिक चुलता तरी असावा. ज्या संसदेचे गोडवे आपण शाळेपासून ऐकत आलोय, तिथं शिरायचा रस्ता त्या काळी इतका सोपा होता, की हल्लीच्या उमेदवारांची उन्हातान्हातली पायपीट बघून जीव कळवळतो. ही पायपीट कुणासाठी? मतदारासाठी. इथंच सगळं चुकतं. निवडणुकीतली सगळ्यांत महाग, बेभरवशाची आणि डोक्याला ताप देणारी वस्तू म्हणजे मतदार. जुन्या इंग्रजांनी हे वेळीच ओळखलं होतं.

तेव्हा मतदारसंघ असा घ्या की तिथं माणूसच राहत नसेल.

सॉल्सबरीजवळ ओल्ड सेरम नावाची टेकडी आहे. एके काळी वर किल्ला होता, कॅथेड्रल होतं, गाव होतं. तेराव्या शतकात कॅथेड्रल खाली नव्या जागी गेलं आणि त्याच्या मागोमाग माणसंही उतरली. वर उरलं गवत. दोन खासदार पाठवण्याचा हक्क मात्र खाली उतरला नाही. तो १८३२ पर्यंत टेकडीलाच चिकटून होता. मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना होतं. तुकडा ज्याच्या नावावर, मत त्याचं. सगळे तुकडे एकाच धन्याचे असले तर कसं, अशी शंका तुम्हाला येईल. त्याचीही सोय होती. अशा गावांतून मतदानाच्या सकाळी भरवशाच्या माणसांच्या हाती एकेका तुकड्याचं खत ठेवत, मत झालं की खत काढून घेत. सकाळी जमीनदार, दुपारी पुन्हा नोकर. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे चपला झिजवलेल्या वाचकानं इथं एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.

मतदान शेतात, एका एल्मच्या झाडाखाली व्हायचं. इमारत नव्हतीच, म्हणून तंबू ठोकत. प्रसंग डोळ्यांपुढे आणा. अधिकारी राजाचा हुकूम वाचतोय, समोर पाचसात माणसं टोप्या हातात घेऊन उभी, वारा कागद उडवतोय, पलीकडे मेंढरं चरताहेत. कुणाची हरकत? मेंढरं मान वर करत नाहीत. झाले दोन सन्माननीय सभासद! तेवढ्याच वेळात लाखावर वस्तीच्या मँचेस्टरमध्ये गिरण्यांचे भोंगे वाजताहेत आणि त्या शहराला स्वतःचा एकही खासदार नाही. बर्मिंगहॅमला नाही, लीड्सला नाही. त्यांची चूक एवढीच, की तिथं माणसं राहायला गेली.

टेकडी घ्यायला पैसा कुठून आणायचा? त्यासाठी देवानं हिंदुस्थान निर्माण केलेला आहे. थॉमस पिट हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी धाब्यावर बसवून इकडं चोरटा व्यापार करायचा. कंपनीनं दंड करून पाहिला, पण हा काही आवरेना. शेवटी १६९८ साली त्यालाच मद्रासचा गव्हर्नर करून टाकलं. ओल्ड सेरम त्यानं आधीच खिशात घातलं होतं. मद्रासेत एका व्यापाऱ्याकडून ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला, तो पैलू पाडून १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला आणि घराणं मार्गी लागलं. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ साली याच टेकडीवरून संसदेत गेला, पुढं पंतप्रधान झाला, अर्ल ऑफ चॅटम म्हणून उमराव झाला. आणि १७७० साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, उभा राहून म्हणाला, की आशियाची दौलत आपल्यावर ओतली जातेय, तिच्याबरोबर आशियाई चैन येतेय आणि आशियाई राज्यपद्धतीही. परक्या सोन्याच्या जोरावर माणसं संसदेत घुसताहेत! आजोबांचा हिरा तोवर फ्रेंच राजमुकुटात बसून झाला होता. ही युक्ती वहीत वेगळी उतरवून ठेवा. माडीवर पोहोचलात की लगेच शिडीविषयी चिंता व्यक्त करायची.

टेकडी महाग वाटत असेल (१८०२ मध्ये तिचे ६०,००० पौंड आले, जमिनीचं उत्पन्न पाहाल तर वर्षाला जेमतेम सातशे) तर सरे परगण्यातलं गॅटन बघा. सहासात घरं, दोन खासदार. शिवाय टाउन हॉलही आहे. खांबांवर छप्पर, भिंती नाहीत, आपल्याकडं संस्थानिकांच्या समाधीवर छत्री बांधतात तेवढा आकार. गावचे मालक सर जॉर्ज कोलब्रुक, पुढं ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले ते. १७६५ च्या त्या मंडपात एक कलश आहे आणि त्याच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, लोकांचं कल्याण हाच सर्वोच्च कायदा असो. लोक म्हणजे ती सहासात घरं. सफोकच्या किनाऱ्यावरचं डनिच तर बरंचसं समुद्रानं गिळलं होतं. खासदार दोन्ही कोरडे.

पण मला विचाराल तर आदर्श मतदारसंघ स्कॉटलंडातला ब्यूट. मतदार मोजून एकवीस, त्यांतला तिथं राहणारा एक. एका निवडणुकीला तो एकटाच हजर राहिला. तो अध्यक्षस्थानी बसला, त्यानं मतदारांची हजेरी घेतली, स्वतःच्या नावाला स्वतःच ओ दिली, स्वतःचं नाव सुचवलं, त्याला अनुमोदन दिलं, ठराव मताला टाकला आणि एकमतानं निवडून आला. १८३१ साली खुद्द संसदेत हा किस्सा सांगितला गेला. यात एकच त्रुटी दिसते, ती म्हणजे आभारप्रदर्शनाचा उल्लेख कुठं नाही.

नशिबी मतदार आलेच, तर मात्र सांभाळून. काही गावांत ज्याच्या घरी स्वतंत्र चूल, त्याला मत. आपल्या चुलीवर आपलं भांडं उकळता आलं की झाला तो मतदार. ऐकायला गोड; पण चुली वाढल्या की खर्च वाढतो. नॉर्थॅम्प्टनला १७६८ साली हजाराच्या आसपास मतदार आणि तीन अर्ल एकमेकांविरुद्ध. मतदान चौदा दिवस चाललं. तिघांच्या हवेल्यांची दारं मतदारांसाठी उघडी, आत रोज पंगती. सांगतात, लॉर्ड हॅलिफॅक्सच्या तळघरातली जुनी पोर्ट वाइन संपली, तेव्हा त्यानं क्लॅरेट वाइन पुढं केली. क्लॅरेट पाजणाऱ्याला आम्ही मत देत नसतो, असं म्हणत मंडळी उठली आणि दुसऱ्या अर्लच्या हवेलीकडं चालू लागली. स्पेन्सर घराण्याचे लाखावर पौंड उडाल्याचं बोललं गेलं, हॅलिफॅक्स पार बुडाला, आणि तिसऱ्यानं झाडं तोडून विकली, सामान विकलं आणि स्वित्झर्लंड गाठलं. तेव्हा तळघर मोजल्याशिवाय अर्ज भरू नका.

त्यापेक्षा घाऊक व्यवहार बरा. न्यू शोरहॅमच्या मतदारांनी एक संस्था काढली होती. नाव काय, तर ख्रिश्चन सोसायटी! दिसायला धर्मादाय, आतून गावची मतं जास्त बोली लावणाऱ्याला एकगठ्ठा विकणारी. सचोटी अशी, की सभासद गुप्ततेची शपथ घेत आणि कुणी फुटून वेगळा सौदा करायचा नाही. १७७० च्या पोटनिवडणुकीत भांडण लागलं, मतं नोंदवणारा अधिकारीच जुना सभासद निघाला, त्यानं बहुतेक सभासदांची मतं बाद केली आणि सगळं चव्हाट्यावर आलं. ज्या थॉमस रम्बोल्डची बोली मोठी होती, तो पडल्याचं जाहीर झालं. त्याची काळजी करू नका, पुढं तो मद्रासचा गव्हर्नर झाला. मद्रास कुणालाच रित्या हातानं परत पाठवत नसे.

एवढा पैसा ओतल्यावर मत खरंच पडलं का, हे कसं कळणार? अगदी सोपं. मतदान उघड होतं. मतदारानं मांडवावर चढून चारचौघांत नाव घ्यायचं, कारकुनानं लिहून घ्यायचं. वर कित्येक ठिकाणी कुणी कुणाला मत दिलं याची छापील पुस्तकं निघत आणि विकत मिळत. घरमालकानं एक प्रत घ्यावी, दिव्याखाली बसावं आणि बोट फिरवत कुळांची नावं शोधावीत. न्यूअर्कला १८२९ मध्ये ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या कुळांनी नको त्याला मतं दिली. ड्यूकनं त्यांना घराबाहेर काढलं. ओरड झाली तेव्हा त्यानं विचारलं, माझ्या मालकीच्या वस्तूचं मी हवं ते करू नये की काय? प्रश्न बिनतोड होता. दोन वर्षांनी लॉर्ड्सनी निवडणूक सुधारणेचं विधेयक फेटाळलं, तेव्हा नॉटिंगहॅमच्या जमावानं ड्यूकचा तिथला महाल जाळून उत्तर दिलं. त्याला २१,००० पौंड भरपाई मिळाली. महाल त्यानं तसाच जळका ठेवून दिला, गावाच्या डोळ्यांपुढं, टेकडीवर.

लोक फार कटकट करू लागले तर काय करावं, याचा दाखलाही आहे. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं जमली. बायका होत्या, पोरं होती, अंगावर सणाचे कपडे होते. मागणी एवढीच, की आम्हालाही प्रतिनिधी द्या. त्यांच्यावर घोडदळ सोडलं. पंधरावर माणसं मेली, जखमी शेकडो. मॅजिस्ट्रेटना सरकारकडून आभाराचं पत्र गेलं. (पाहा, आभारप्रदर्शन कुठं ठेवायचं ते त्यांना बरोबर कळत होतं.)

ऑर्थर वेलस्ली तुमच्या ओळखीचा आहे. जालन्याकडच्या असईला १८०३ मध्ये शिंद्यांशी लढला तो. तोच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि पंतप्रधान. १८३० च्या नोव्हेंबरात त्यानं लॉर्ड्समध्ये सांगितलं, की आहे ही व्यवस्था इतकी उत्कृष्ट आहे, की नव्यानं रचायची म्हटली तर मानवी बुद्धीला ते एका दमात साधायचं नाही. देशाचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे, असंही म्हणाला. पंधरवड्यात त्याचं सरकार गेलं. जमावानं त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. असईला तोफांपुढं जो माणूस हटला नाही, त्याला मतदारांपुढं झडपा लागल्या. मतदार टाळा, असं मी उगाच सांगत नाही.

१८३२ मध्ये सुधारणेचा कायदा झालाच. ५६ गावांचे सगळे खासदार गेले, ३० गावांचा एकेक. ओल्ड सेरम गेलं, गॅटन गेलं. पण घाबरू नका, कायद्यात चांगलंही बरंच होतं. मतदार हा पुरुषच असावा, असं त्यात प्रथमच स्पष्ट लिहिलं. एका शब्दात निम्मा देश टळला! उरलेल्यांतही बहुतेकांना मत नव्हतंच. आणि जे होते ते पूर्वीसारखेच विकाऊ. १८४१ साली सडबरीतून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र निवडून आला. मेरठजवळच्या सरधन्यावर राज्य करणाऱ्या बेगम समरूचा हा दत्तक वारस. (असईला शिंद्यांच्या बाजूनं बेगमेच्या पलटणीही होत्या, जग लहान आहे.) त्या संसदेत बसलेला आशियाई रक्ताचा पहिला माणूस म्हणून बहुधा याचंच नाव सांगतात. वर्षही भरलं नाही, तोच उघड लाचलुचपतीबद्दल त्याची निवड रद्द झाली, आणि १८४४ मध्ये सडबरीची जागाच काढून घेतली. इंग्लंडची रीत परक्यानं इतक्या लवकर आत्मसात केली, याचं कौतुक राहिलं बाजूला.

यापुढं मात्र माझा सल्ला पातळ होत जातो. १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं. विरोधकांनी परोपरीनं सांगितलं, की लपून मत देणं इंग्रज माणसाला शोभत नाही, तो भ्याडपणा आहे. कुणी ऐकलं नाही. १५ ऑगस्टला यॉर्कशरमधल्या पाँटिफ्रॅक्टला पहिली गुप्त पोटनिवडणूक झाली. लाकडी पेटी, चिठ्ठी, आडोसा. मतदार आत गेला, बाहेर आला, आणि आत काय केलं ते त्याच्या तोंडावरून कळेना. पैसे तुमचे खाल्लेत की त्यांचे की दोघांचे, सांगता येईना. पेटीला लाख लावली, तिच्यावर उमटवायला ज्येष्ठमधाच्या वड्या करणाऱ्या गावच्या कारखान्याचा शिक्का आणला. ती पेटी तिथल्या संग्रहालयात अजून आहे, लाखेसकट.

तेव्हा आता आडोशाबाहेर उभं राहून बोलत राहण्यावाचून गत्यंतर नाही. घसा बसेल. पाँटिफ्रॅक्टचा ज्येष्ठमध चांगला असतो, जिभेखाली ठेवत जा.