थुंकीच्या ग्लासात यीस्ट दिसत नाही

गेल्या पावसाळ्यापासून एक लांबलचक मराठी मेसेज कर्नाटकातल्या आमच्या खानापूर-नंदगडकडं फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर आहे, महिला मंडळाच्या ग्रुपवर आहे, बेळगावच्या नातेवाइकांकडूनही तोच येतो. म्हणणं असं : जास्त दिवस अँटिबायोटिक घेतलं की अख्ख्या शरीरात यीस्ट, म्हणजे एक बुरशी, पसरतं. सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंका, खाली धागे लोंबले म्हणजे तुम्हाला ते झालंय. गोळ्या ताबडतोब थांबवा. भात, फळं, साखर, इडली-डोसा बंद करा. रोज खायचा सोडा आणि कच्चा लसूण घ्या. दुकानातून बुरशीची गोळी आणा, आठवड्याला एक.

मी एकोणीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभी आहे. हा मेसेज मला लोक फोन पुढं करून दाखवतात. पण लिहायला बसले ते एका बाईमुळं. मणक्याचा टीबी, डॉक्टरांनी बारा महिन्यांचा कोर्स सांगितलेला, पाचवा महिना चालू. तिनं रुमालाची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली. नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. म्हणाली, "ताई, ह्या सोडल्या मी. अंगात यीस्ट झालंय की. ती बुरशीची गोळी द्या." हळूच विचारलं तेव्हा कळलं, अंगावरून पांढरं जात होतं आणि खाज इतकी की रात्री झोप नव्हती. महिनाभर तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, डॉक्टरांनाही नाही. मेसेजनं मात्र तिला तिच्या भाषेत सांगितलं होतं, चूक का असेना.

मेसेजमधलं एक वाक्य खरं आहे, ते आधी मान्य करते. अँटिबायोटिकनं यीस्टचा त्रास होऊ शकतो. कॅन्डिडा नावाची ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनीमार्गात मुळातच असते. तिथले चांगले जिवाणू तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला त्यानं काही होत नाही. राखणदार गेले की तिला मोकळं रान मिळतं. मग खाली खाज, आग, दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव. किंवा जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर, पुसला तर खाली लाल. त्रास खराच आहे, पण तो त्या जागेपुरता असतो आणि औषधानं जातो.

"अख्ख्या शरीरात" हे मात्र खोटं. रक्तात कॅन्डिडा जाणं हा फार गंभीर आजार आहे. तो अतिदक्षता विभागात, मोठ्या शिरेत नळी घातलेल्या, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या रुग्णांना होतो. तो झालेलं माणूस बसनं बाजाराला येत नाही. थकवा, डोकं जड, विसरायला होतं, हे सगळं यीस्टच्या खात्यावर टाकायची कल्पना जुनी आहे. १९९० साली अमेरिकेत ४२ स्त्रियांवर याचा प्रयोग झाला. निस्टॅटिन या बुरशीच्या औषधानं त्यांचा योनीचा त्रास कमी झाला, पण थकव्यासारख्या तक्रारींवर ते औषध आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी यांत फरक पडला नाही.

थुंकीच्या ग्लासाचं काय? थुंकीत बुळबुळीतपणा असतो, रात्रभर तोंड कोरडं पडलं की ती दाट होते, पाण्यात तिचे धागे लोंबतात. माझेही लोंबतात. तपासणी करायची तर डॉक्टर बघतात, गरज वाटली तर स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याच मेसेजात "लघवी नारिंगी झाली म्हणजे यीस्टचं विष बाहेर पडतंय" असंही आहे. टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीचाच रंग तो. लघवी, घाम, डोळ्यांचं पाणीसुद्धा नारिंगी होतं. गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे.

आता सगळ्यात घातक वाक्य : "गोळ्या ताबडतोब थांबवा." टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू त्या औषधांना दाद न देणारे होऊ शकतात. मग उपचार जास्त लांबतो, जास्त त्रासाचा होतो, छातीचा टीबी असेल तर घरातल्यांनाही तोच जंतू लागायची भीती. हाडाच्या संसर्गाला सहा सहा आठवडे अँटिबायोटिक चालतं, तिथंही तेच. खाजेवर औषध आहे. मणका खचला तर त्याला गोळी नाही. यीस्ट झालं म्हणून अँटिबायोटिक बदलायचं की चालू ठेवायचं, हे ज्यांनी ते लिहून दिलं त्यांनाच विचारायचं, आणि विचारेपर्यंत आजची गोळी आज घ्यायची.

खाण्याबद्दल. रक्तातली साखर वाढलेली असेल तर यीस्टला फावतं, हे खरं. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्या माणसानं साखर तपासून घ्यावी. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगावं, त्या गोळीनं लघवीतून साखर जाते आणि खालचा बुरशीचा त्रास वाढतो. पण साखर ताब्यात असलेल्या बाईनं भात, केळं, इडली सोडून यीस्ट जात नाही. टीबीत वजन उतरतं, त्यातच हा उपास. सरकार टीबीच्या रुग्णाला खाण्यासाठी पैसे देतं, २०१८ साली महिन्याला ५०० रुपये होते, आता १००० आहेत. ते पोटभर जेवावं म्हणून.

सोडा पोटातलं आम्ल मारतो, अंगात मीठ वाढवतो, रक्तदाबवाल्यांना वाईट. काही अँटिबायोटिक त्यानं नीट शोषली जात नाहीत. लसूण भाजीत घाला. तो योनीत ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, नाजूक कातडी भाजून निघते.

दही-ताकाबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. जेवणात दही उत्तमच. पण डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असेल तर त्या गोळीबरोबर दूध-दही नको, कॅल्शियममुळं गोळी कमी लागू पडते. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. दह्यातल्यासारखे जिवाणू पोटातून आणि योनीतून देऊन अँटिबायोटिकनंतरचं योनीतलं यीस्ट टळतं का, हे ऑस्ट्रेलियात तपासलं, २००४ साली निकाल आला : टळत नाही. जुलाबावर अशा पुड्यांचा काहीसा उपयोग होतो. त्यातल्या काही पुड्यांत तर यीस्टच असतं, बिनधोक जातीचं, बहुतेक घेणाऱ्यांना ते माहीत नसतं.

राहिली बुरशीची गोळी, फ्लुकोनॅझोल. औषध चांगलं आहे, पण मनानं घ्यायचं नव्हे. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर घेतलं तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनबरोबर रक्तस्रावाची भीती. गरोदरपणात नको. आणि रिफॅम्पिसिन चालू असेल तर त्याचा असर कमी होतो. म्हणून त्या बाईला मी ती गोळी दिली नाही. डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोल लिहिली, सहा रात्री, आणि टीबीच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा चालू करून दुसऱ्या दिवशी दाखवायला बोलावलं. स्टिरॉइड मिसळलेली मलमं लोक मागतात, तीही नकोत. दोन दिवस खाज थांबते, मग बुरशी दुप्पट पसरते.

एक गोष्ट मेसेजात नाही आणि आमच्याकडं तीच मोठी आहे. आषाढात रोप लावायला बायका दिवसभर गुडघाभर चिखलात असतात, लुगडं कमरेपर्यंत ओलं. घरी आतले कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकतात, कारण बाहेर पुरुषमाणसांसमोर वाळत घालायची लाज. ते सकाळी ओलसरच अंगावर चढतात. घरी आल्यावर लगेच कोरडं सुती नेसा, ऊन पडेल त्या दिवशी कपडे उन्हात टाका, खाली साबण आणि डेटॉल लावू नका, साधं पाणी पुरे.

घास गिळताना छातीत दुखत असेल, तोंडातलं पांढरं पुन्हा पुन्हा येत असेल, ताप असेल, किंवा स्रावाला माशासारखा वास असेल तर ते साधं यीस्ट नसू शकतं, त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर कन्नड बोलतात, आपल्याला नीट सांगता येत नाही, म्हणून बायका गप्प बसतात. "खाली खाज आहे, पांढरं जातंय, ह्या गोळ्या चालू आहेत" एवढं कागदावर मराठीत लिहून गोळ्यांच्या पट्टीसकट आणा. मी त्याखाली कन्नडात लिहून देते.