स्टिअरिंग शाफ्ट ‘कसाही बसवा’ चालत नाही

गोव्यात म्हापसा-पर्वरीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक सल्ला फिरतोय: स्टिअरिंग कटकट वाजलं की खालचा बोल्ट सोडा, शाफ्ट (स्टिअरिंगला चाकं वळवणाऱ्या यंत्रणेशी जोडणारा दांडा) ओढून काढा, ग्रीस फासा, कसाही बसवा, बाकीचं अलाइनमेंटवाला, म्हणजे चाकांची दिशा जुळवणारा, बघेल. यातलं बोल्ट सोडण्यापुरतंच खरं.

शाफ्ट सुटला की स्टिअरिंग मोकळं फिरतं. एअरबॅगच्या गाडीत त्याखाली क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. फेरे जास्त झाले की ती तुटते. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. म्हणून आधी टायर सरळ करून स्टिअरिंग बांधायचं आणि शाफ्ट आणि तो ज्यावर बसतो तो दातेरी पिनियन, या दोन्हींवर रंगाची खूण करायची. एक दाता चुकला तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं. अलाइनमेंटवाला टाय रॉड (चाकं वळवणाऱ्या दांड्या) पिळून ते सरळ दाखवीलही, पण मग डावीकडे-उजवीकडे गाडी सारखी वळत नाही.

बोल्ट पिनियनच्या खाचेतूनच गेला पाहिजे. शाफ्ट अर्धवट बसला तर बोल्ट घट्ट लागतो, पण धरत काहीच नाही. चालत्या गाडीत तो निसटला तर? बोल्ट शक्यतो नवा घ्या, टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा ते, मॅन्युअलप्रमाणे.

आणि ग्रीस? शाफ्टच्या बंद सांध्यात बाहेरून ते शिरतच नाही. आपली खारी हवा, वर चार महिने पाऊस; सांधा आतून गंजतो. हाताने दोन्ही दिशांना वाकवून पाहा. अडकला किंवा सैल हलला तर बदला. दोन्ही नसेल तर कटकट बहुधा दुसरीकडची, स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा आधार) तपासा.